पत्रिका नाक्यावर अडली

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. जालन्यात शिरणाऱ्या रस्त्यावर तेव्हा जकात नाका असायचा आणि दादांची अख्खी नोकरी त्या नाक्यावर उन्हातान्हात गेली. ट्रक थांबला की त्यांचे प्रश्न ठरलेले: कुठून आला, काय भरलंय, कुठं चालला. माल शहरात उतरणार असेल तर जकात, नुसता शहरातून पुढं जाणार असेल तर रहदारी पास. पासवर वेळ घातलेली असायची आणि त्या वेळात गाडीनं पलीकडच्या नाक्यावरून बाहेर पडायचं. पुढं सरकारनं नगरपालिकांची जकातच बंद केली. दादांना जन्म-मृत्यू नोंदीच्या टेबलावर बसवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. त्या टेबलाबद्दल त्यांची एकच तक्रार होती, की तिथं येणाऱ्याला कुठून आला आणि कुठं चालला हे विचारायची सोय नाही.

निवृत्त झाले तरी नाका काही त्यांच्या अंगातून निघाला नाही. आईची भाजीची पिशवी दारातच अडवली जायची. दूधवाल्याला आधी कुठल्या गल्लीतून आलास याचं उत्तर द्यावं लागायचं. मी पायात चप्पल घातली की आतून आवाज आलाच, "कुठं चालून राह्यली?" मी मुळातच तापट. एकदा म्हटलं, दादा, पास फाडा म्हणजे बरं. तेव्हा ते मनापासून हसले होते.

घराच्या पुढच्या खोलीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. औरंगाबादला कोर्स करून मी दोन हजार तीनच्या सुमारास ते थाटलं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि घरातलाच फोन. इंटरनेट त्या फोनच्या तारेवरून यायचं. जोडताना मोडेम अर्धा मिनिट किंचाळायचा आणि नेट चालू असेतोवर घरचा फोन बंद. अर्ज टाइप करायचे, पोरांचे निकाल काढून द्यायचे, लग्नाच्या पत्रिका छापायच्या. पण खरी गर्दी व्हायची ती बायोडाट्याला. घनसावंगीपासून माणसं जीपमधून यायची आणि मुलीचा बायोडाटा जन्मकुंडलीसकट छापून न्यायची.

कुंडली मांडणारं सॉफ्टवेअर मला सुटे भाग विकणाऱ्या एका फिरत्या माणसानं सीडीवर फुकट दिलं होतं. फुकट ते पौष्टिक, मी लगेच घालून घेतलं. जन्मतारीख, वेळ आणि गाव भरलं की कुंडली तयार. त्यातच उंची, शिक्षण, फोन नंबर भरायला रकाने होते, आणि सगळ्यात खाली 'इतर माहिती' असा एक मोठा चौकोन. हे सगळं भरायला कशाला पाहिजे, असा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

दोन गल्ल्या सोडून एक मावशी राहायची. कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवायची. तिची मुलगी बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरायला जायची. मावशी एका दुपारी आली, स्टुलावर बसली आणि मुलीची माहिती सांगू लागली. मी टाइप करत गेले. फोन नंबर विचारल्यावर तिनं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा दिला. तेव्हा असेच नंबर असायचे, पुढं पी.पी. लिहायचं. फोन दुकानात यायचा आणि दुकानदार पोरासोराला पाठवून आपल्याला बोलावून घ्यायचा.

सगळं झाल्यावर मावशीनं स्टूल जवळ ओढलं आणि आवाज खाली घेतला. मुलीचं एकदा लग्न झालं होतं. दोन महिन्यांत ती परत आली, पुढं सोडचिठ्ठी झाली. ते सगळं गावाकडं घडलेलं, इथं गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. "कागदावर लिहू नको," मावशी म्हणाली, "पण तुझ्या ध्यानात ऱ्हाऊ दे. बोलणी पुढं गेली की मी आपल्या तोंडानं सांगीन." मी मान डोलावली. तिच्या कागदावर खरंच लिहिलं नाही. पण माझ्या ध्यानात राहावं म्हणून 'इतर माहिती'च्या चौकोनात 'घटस्फोटित' एवढा एक शब्द टाकून ठेवला. कॉम्प्युटर म्हणजे माझं कपाट, किल्ली माझ्याकडं, असा माझा समज होता.

पंधरा-वीस दिवसांनी मावशी दारात उभी राहिली ती आत यायलाच तयार नाही. किराणा दुकानात फोन आला होता. कुठल्याशा वधूवर सूचक केंद्रातली बाई बोलत होती. लाइन खराब, त्यामुळं दुकानदार नेहमीसारखा ओरडून बोलत होता आणि ऐकलेलं नीट कळावं म्हणून परत उच्चारत होता. "कोण? घटस्फोटित? ती का खानावळवालीची पोरगी?" दुकानात साखर-चहा घ्यायला आठ-दहा जण उभे होते. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं.

मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई म्हणून तुझ्यापाशी आल्ते. तू काय लिवलं, कुणाला धाडलं, मला कसं कळावं? तुझ्यावर इस्वास टाकला. किती घेतले त्यायच्याकडून?"

मी बोटही न हलवता हा आळ कसा येतो, म्हणून माझा पारा चढला. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, तुम्हीच कुठं बोलला असाल, असं काहीबाही मी बोलून गेले. ती निघून गेली आणि मग मला तो चौकोन आठवला. 'घटस्फोटित' हाच शब्द, जसाच्या तसा. मावशी तर 'सोडचिठ्ठी' म्हणाली होती. तो शब्द माझा होता.

दादा आतल्या दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि ते काळा चष्मा लावून बसायचे. त्यांनी मला धीर वगैरे काही दिला नाही, चौकशीच सुरू केली. माल काय होता? एक शब्द. ठेवला कुठं होता? कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटरला हात कोण लावतं? मी एकटीच. "मंग तारेतून गेला असंल," दादा म्हणाले. मी वैतागून सांगितलं की तारेतून माहिती येते, आपण पाठवल्याशिवाय जात नाही.

"रस्ता काय एकाच बाजूनं असतो का?" दादा म्हणाले. "आमची बी हीच गफलत व्हायची. आत येणारी सायकल बी सोडत नव्हतो आम्ही, आन् बाहेर जाणाऱ्या गाडीकडं कुणी बघतच नव्हतं."

तेव्हा मला आठवलं. कोर्समध्ये फायरवॉल हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता. कॉम्प्युटरवरून कोण बाहेर जातंय ते अडवून विचारणारा प्रोग्राम. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तसा एक होता, तो मी शोधून काढला आणि घातला. दादांनी नावाचा अर्थ विचारला. आगीची भिंत, मी म्हटलं. दादांना ते बिलकुल पटलं नाही. भिंत कधी कुणाला काही विचारते का, हा तर सरळ सरळ नाका आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून आमच्या घरात फायरवॉलला नाकाच म्हणतात.

पुढचे तीन दिवस माझं दुकान मी चालवत नव्हते, दादा चालवत होते. कोणताही प्रोग्राम नेटवर जायला निघाला की पडद्यावर छोटी खिडकी यायची: अमुक बाहेर जाऊ म्हणतोय, सोडायचं की अडवायचं? मी मराठीत वाचून दाखवायची आणि दादा एका डोळ्यानं खिडकीकडं बघत निकाल द्यायचे. खिडकीत खाली एक चौकोन होता, त्यात खूण केली की त्या प्रोग्रामला कायमची परवानगी. ती खूण दादा करू देईनात. रहदारी पास एकाच फेरीचा असतो, हा त्यांचा नियम. त्यामुळं ईमेल बघायची तर पास, निकाल काढायचा तर पास, तेच पान परत उघडायचं तरी नवीन पास.

अँटिव्हायरस बाहेर जायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला परत पाठवलं. घरात राखण करायला ठेवलाय ना, मग बाहेर काय काम, असा सवाल. विंडोजचीच एक गरजेची फाइल होती, तिचं नाव म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी. "ज्याला धड नाव सांगता येत न्हाई त्याला सोडायचं न्हाई," म्हणून त्यांनी ती अडवली आणि आमचं नेट अख्खी दुपार बंद पडलं. बारावीचा निकाल बघायला आलेली दोन पोरं बाकावर घाम पुसत बसली होती. मी दादांवर चिडले, दादा माझ्यावर चिडले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली की जकात बंद झाली तेव्हा ट्रकवाल्यांनी पेढे का वाटले ते आता कळलं.

तिसऱ्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाची कुंडली काढली, नाका बसवल्यापासूनची पहिलीच, सॉफ्टवेअर बंद केलं आणि नेट जोडलं. मोडेमचं किंचाळणं थांबतंय तोच खिडकी आली. नाव वाचून मला विश्वास बसेना, म्हणून परत वाचलं. मी बंद केलेलं कुंडलीचं सॉफ्टवेअर मागच्या मागं बाहेर जाऊ म्हणत होतं.

दादा खुर्चीत पुढं सरकले. "पत्रिकेला बाहेर काय काम? गिरह काय फोनवर इचारून मांडतात का?"

अडवलं. पाच मिनिटांत ते परत आलं. परत अडवलं, परत आलं. दादांनी चष्मा काढला आणि सांगितलं की अडवलेली गाडी गुपचूप माघारी जात नाही आणि भांडतही नाही, नुसती पुन्हा पुन्हा येते, तेव्हा तिच्यात काहीतरी दडवलेलं असतंच. त्या क्षणी मला जितका आनंद झाला तितकाच संतापही आला. महिनोन् महिने मी गावोगावच्या मुलींची नावं, जन्मवेळा, नंबर त्या रकान्यांत भरत होते आणि नेट जोडलं की ते सगळं कुणाकडं तरी जात होतं. मी लगेच मावशीकडं निघाले. दादांनी दारातच अडवलं, पण या खेपेला कुठं चालली असं नाही विचारलं. विचारलं की तिला सांगणार काय? फायरवॉल?

खरंच होतं ते. ज्या बाईला माझ्या शब्दाचाच भरवसा राहिला नव्हता, तिच्यापुढं मी आणखी शब्दच टाकणार होते. पुरावा पाहिजे होता, आणि तोही कानानं ऐकता येईल असा.

युक्ती दादांची. नाक्यावर एखाद्या व्यापाऱ्याचा संशय आला की ते एखाद्या पोत्यावर बारीक खूण करून सोडायचे आणि पुढं ते पोतं कुठं निघतं ते बघायचे. तसंच आता करायचं. दुसऱ्या कुणाची माहिती बरोबर जाऊ नये म्हणून मी आधीच्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. आम्ही एक मुलगी तयार केली. नाव आईनं सुचवलं. जन्मतारीख आणि वेळ दादांची, फक्त वर्ष बदलून तिला चोवीस वर्षांची केली. जन्मगाव दादांचंच, हसनाबाद. उंचीही त्यांचीच भरली, कारण खोटं जितकं कमी तितकं बरं असं त्यांचं मत. एम.ए. मात्र त्यांनी हट्टानं लिहायला लावलं. कुंडली निघाली तर कडक मंगळ. आई म्हणाली, "वर्ष बदललं तरी मंगळ गेला न्हाई."

फोन नंबर आमचाच दिला. 'इतर माहिती'च्या चौकोनात खूण घालायची होती, जी दुसऱ्या कुणाला माहीत असण्याचं कारण नाही अशी. दादांनी डोळ्याला हात लावला आणि मी लिहिलं: डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. नेट जोडलं, खिडकी आली. सोडायचं बटण दादांनी स्वतः दाबलं, पण दाबायच्या आधी बराच वेळ थांबले. उभ्या नोकरीत जाणूनबुजून चोरटा माल सोडला नाही, ते आता माझ्यासाठी करावं लागतंय, असं पुटपुटले. मला त्यांची फार माया आली. खूण करून पोतं निघून गेलं आणि आम्ही नेटची तार काढून ठेवली.

बारा-तेरा दिवसांनी फोन आला. दादांनीच उचलला. पलीकडून गोड आवाजात एक बाई तुमच्या कन्येसाठी स्थळ आहे म्हणाली. दादांनी मला हातानं बोलावलं. मंगळ चालेल, बाई म्हणाली, आणि डोळ्याच्या ऑपरेशनचंही मुलाकडच्यांना काही नाही. दादा अगदी मुलीच्या बापासारखे अजिजीनं बोलत होते. मुलीच्या मावशीशी बोलावं लागेल, म्हणाले, गुरुवारी दुपारी बारा वाजता फोन करा.

मी मावशीकडं गेले. तिनं बस म्हटलं नाही. मुलगी नुकती कामावरून आली होती, ती चुलीपाशी उभी होती. मी आधी कबूल केलं ते चौकोनाचं. तो शब्द मी टाइप केला होता, विचारल्याशिवाय, ती माझी चूक. विकला मात्र नाही. तो कसा गेला ते ऐकायचं असेल तर गुरुवारी या, आणि ऐकूनही पटलं नाही तर मी परत तोंड दाखवणार नाही. माझी मान खाली होती, तशीच मी परत आले.

गुरुवारी ती येते की नाही याची आम्हा तिघांनाही खात्री नव्हती. पावणेबाराला मुलगीच तिला हाताला धरून घेऊन आली. दादांनी मावशीला सगळं समजावलं: बाई जिच्याबद्दल बोलेल ती पोरगी जगात नाही, ती मीच आहे, डोळा हा माझा. आणि काळा चष्मा वर करून दाखवला. बारा वाजून गेले. सव्वाबाराला फोन वाजला. मावशीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि मी तिच्या कानाला कान लावला.

बाईनं मुलाचं कौतुक सुरू केलं. सरकारी नोकरी, निर्व्यसनी. मग आवाज हळू करून म्हणाली, मुलीचा डावा डोळा ऑपरेशननंतर ठीक आहे ना? मावशीनं दादांकडं बघितलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं, तिनं विचारलं. कुणी सांगत नाही, बाई म्हणाली, आमच्याकडं कॉम्प्युटरवर याद्या येतात. कुणाकडून? ते आम्हाला माहीत नसतं.

मग मावशी जी सुटली ती सुटलीच. "ज्या पोरीला तुमी स्थळ आणून राह्यले ना, ती साठीच्या पुढं गेली, तिला मिशा हायत आन् सकाळपासून तिनं दोनदा चहा घेतला. माझ्या पोरीचं नाव तुमच्या यादीतून काढा आधी." पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. दादा चष्म्याआडून पाणी पुसत हसत होते. मावशीची मुलगी तर खालीच बसली हसून हसून.

पण मावशी हसली नाही. जाता जाता मला म्हणाली की तू विकलं नाहीस हे कळलं, पण लिहिलंस तर तूच. मी हो म्हटलं. त्याच दुपारी मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि सीडीचे चार तुकडे केले. ज्यांच्या ज्यांच्या कुंडल्या केल्या होत्या त्यांना आठवेल तसं गाठून सांगितलं. काहींनी शिव्या दिल्या, त्या घेतल्या. फायरवॉल मात्र ठेवला. दादांना मी त्या नाक्यावर नेमूनच टाकलं, फक्त अँटिव्हायरसला कायमचा पास द्यायचा या अटीवर.

महिना-दीड महिन्यानं मायलेकी परत आल्या. नवीन बायोडाटा करायचा होता. मावशीनं बसल्याबसल्या बजावलं की किराण्याचा नंबर नको आणि तो शब्द कुठंच नको, ना कागदावर, ना डब्यात. डबा म्हणजे कॉम्प्युटर. मी टाइप करायला हात उचलला तेवढ्यात मुलगी बोलली. तोवर तिचा आवाज मी कधी नीट ऐकलाच नव्हता. तिची सगळी माहिती मी तिच्या आईकडून घेतली होती.

"ताई, पहिल्याच ओळीत लिवा. लग्न झाल्तं, दोन महिन्यांत मी निघून आले. गल्लीला कळलंच हाय, मंग लपवायचं काय? पण आता बाहेर गेलं तर मी सोडलं म्हणून गेलं पाहिजे."

मावशी तिच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता का रडू, मला सांगता येणार नाही. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "लिव. ती म्हणती तसंच लिव."

मी लिहिलं. 'घटस्फोटित' लिहिलं नाही, तिनं सांगितलं तेच शब्द घातले. कागद छापून निघाला. आता प्रत्येकाला कागद वाचून दाखवल्याशिवाय हातात द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून मी मावशीसमोर धरून वरून वाचायला लागले. दुसऱ्या ओळीवर तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि त्याची घडी घातली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू लिवलंय ना, मंग बराबर असंल."